कोरड्या पानांवरून हात

प्रिय ताई,

नर्सरीतली नवी दांडी मला खरोखर कितीला पडली ते आधी तुला सांगतो, कारण बाकी सगळ्यांना मी ती फुकटात झाली असं सांगत सुटलोय. बाहेरच्या खोलीतल्या पडद्याचा पाइप गेला. तो न विचारता काढल्यामुळे तुझ्या भावजयीचं दोन दिवसांचं बोलणं गेलं. जुन्या सायकलीची चाकं गेली. पहिल्याच फेरीत मिरचीचा अख्खा ट्रे भुईसपाट झाला. आणखीही एक खर्च आहे, तो ओघात येईल.

दांडी म्हणजे काय, तर शेडच्या दोन्ही कडांना पट्ट्या ठोकल्यात, त्यांवर चाकं, चाकांवर आडवा पाइप आणि पाइपला जुन्या चादरीच्या झिरमिळ्या. सकाळी ओढत नेली की झिरमिळ्या रोपांच्या शेंड्यांवरून फिरतात. रोपं वाकतात, पुन्हा उभी राहतात. थोडक्यात, तुझं काम आता चादर करते.

आठवतं ना, आपली एकच शेड होती तेव्हा? आत वाऱ्याची झुळूक नाही, ऊब भरपूर, पाणी वेळच्या वेळी. रोपं अशी सरसर वाढायची की मी खूश, आणि गिऱ्हाइकाने शेतात नेऊन लावली की पहिल्याच वाऱ्याला माना टाकायची. मी खत बदललं, माती बदलली, बियाणेवाल्याशी कडाकडा भांडलो. वाटेकडेची एक रांग तेवढी ठेंगणी आणि जाड बुंध्याची. मी म्हटलं, उजेड जास्त मिळत असेल. मग एकदा पाण्याच्या टाकीमागे वाकलेलो असताना मला आवाज आला, पानांची सळसळ. वारा नसताना सळसळ कसली? ती तुझ्या पावलांच्या चालीने पुढे सरकत होती. बघतो तर तू येता जाता रोपांवरून तळहात फिरवत चालली होतीस आणि त्यांच्यापाशी माझ्याच कागाळ्या करत होतीस. मी चिडवलं की लाड करून करून बिघडवशील पोरांना. तू म्हणालीस, तुला नाही का बिघडवलं.

पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. मधल्या रांगांवरूनही तुला हात फिरवायला लावला, आणि पुढच्या खेपेची रोपं पाहून बियाणेवालाच विचारायला आला की बी कुठून आणलं. पुढे शेतकी कॉलेजातले एक मास्तर गिऱ्हाईक झाले, त्यांनी उलगडून सांगितलं. रोपाला डोळे नाहीत, कान नाहीत, पण वाकवलं की त्याला कळतं. कुणीतरी ढकलतंय म्हटल्यावर ते उंच जायची घाई सोडतं आणि बुंधा भरायला घेतं. ढकलणारा वारा आहे की माझी बहीण, हे त्याला ठाऊक नसतं. ठाऊक असायची गरजही नसते. शेडमध्ये बिचाऱ्याला कुणी ढकलतच नाही, म्हणून ते मजेत लांबत जातं.

नियम मात्र तुझेच. पानं कोरडी झाल्यावरच, ओली असताना नाही. हलक्या हाताने. रोज. एकदाच खूप केलं तर रोप खुरटतं, चार दिवस सोडलं की पुन्हा लांबायला लागतं. मी दांडी चार बोटं खाली लावली आणि मिरची आडवी केली, तेव्हा तुझा तळहात किती मोजून पडत होता ते कळलं. आता पाइप वर घेतलाय आणि सगळं झकास आहे. माझ्या नर्सरीत आजही एका रोपाला काठी नाही. गिऱ्हाइकांना मी छाती पुढे काढून सांगतो, काठीच्या आधाराने उभं राहणं आमच्याकडे चालत नाही, इथला जो तो आपल्या पायावर.

माझे कान अजून शाबूत आहेत हे तू विसरतेस. फोनवर तू काय बोलतेस ते मी ऐकतोच, पण मागे काय वाजतं तेही ऐकतो. पूर्वी बोलता बोलता तुझ्या चपला वाजायच्या, कपाट उघडायचं, मध्येच तू भांडं घासायला घ्यायचीस. आता नुसती खुर्ची करकरते. पाण्याचा पेला तुझ्या हातात येतो, शाल येते, फोनसुद्धा कुणीतरी आणून देतं. तुझी लेक गुणाची आहे, तुला जिवापाड जपते. पण ताई, तिने तुझ्याभोवती शेड बांधली आहे.

मागच्या खेपेला तू म्हणालीस, "माझं चालणं झालं, बाबा, आता." त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. मोडलेलं हाड जुळलंय, पायावर भार टाका, नाहीतर पाय वाळत जाईल, असं डॉक्टरांनी तुला बजावलंय. भाचीने मला सगळं सांगितलंय, तिला रागावू नकोस. रविवारी मी तुला न्यायला येतोय. शेडलगतची खालची खोली रिकामी केली आहे. शेडमधली वाट तुला माहीत आहे, दोन्ही बाजूंना कमरेइतके ट्रेचे बाक, कुठेही तोल गेला तरी हात टेकायला जागा. वाटेकडेच्या रांगेवरच्या झिरमिळ्या मी काढून टाकल्या आहेत. ती रांग तुझी. पानं कोरडी झाली की हलक्या हाताने, रोज, जमेल तेवढी. दमलीस की बस, उरलेली मी करीन. गाडी मुलगा चालवेल. मला पाहून हसू नकोस, राहिलेला खर्च तोच आहे. दांडी बसवताना मी शिडीवरून घसरलो, घोटा मोडला, आणि महिनाभर झाला, मी काठी घेऊन चालतोय.

तुझाच,
बिघडवलेला धाकटा