डागावर ठेवलेली टोपली

रविवार, ता. ८ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

ओट्याखालचे सहा खण, जिन्याचा कठडा, नानांच्या खोलीचं दार, तुझ्याकडचं आरशाचं कपाट (त्याचा डावा खण अडकतो असं तू म्हणतेस, तो अडकत नाही, तू तिरका ओढतेस) आणि आत्ता ज्यावर कागद ठेवून लिहितोय ते टेबल, हे सगळं माझ्या हातचं. शिकवायला कुणी नव्हतं, लाकूड वाया घालवत शिकलो. हे पुन्हा सांगायचं कारण असं, की दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणायला माझी जीभ वळत नाही, असं तूच चारचौघांत सांगत असतेस. आज वळली आहे.

नानांचं तुला ठाऊकच आहे. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून ज्यांनी आपल्याला वाढवलं ते हात थरथरायला लागले, तेव्हापासून ते आमच्यात जेवत नाहीत. ताट खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. दार मीच इतकं नेमकं बसवलंय की फटीतून काही दिसतही नाही. परवा स्वयंपाकघराला रंग चालू होता, म्हणून मी आणि तुझ्या वहिनीनं त्यांना जवळजवळ उचलूनच बाजारातल्या मोठ्या हॉटेलात नेलं. तिथं भूक नाही म्हणाले. हात मांडीवर, टेबलाखाली.

तिथं एक वेटर आहे. कधी पळत नाही म्हणून त्याला सगळे हळूबा म्हणतात. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलावर हलवलं, अशा बेतानं की नानांचा उजवा हात भिंतीकडे आला. मालकाच्या केबिनमधली हातांची खुर्ची नानांना आणून दिली. मग तिघांनाही सूप जाड मगांमधून आणलं, अर्धे अर्धे भरून. आज मगातच देतोय, गरम राहतं, एवढंच म्हणाला. ते मग नोकरांचे स्वतःच्या चहाचे होते, हे मला मागून कळलं. नानांच्या हातून थोडं सांडलंच. हळूबानं फडकं आणलं नाही. आला, पावाची टोपली बरोबर त्या डागावर ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

बारके, नानांनी सूप दुसऱ्यांदा मागितलं.

खुर्चीचं मर्म मी बघून ठेवलंय. तिचे हात बैठकीपासून वीतभर उंच आहेत. कोपर टेकलं की मनगट टेबलाच्या कडेला येतं आणि थरथर निम्मी होते. तशी एक करायला घेतो. आणि त्या माणसाला नुसती बक्षिशी देऊन उठणं मला बरं वाटलं नाही. या आठवड्यात मालकाला भेटून त्यानं काय काय केलं ते नीट, क्रमानं सांगणार आहे.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तसा असू दे, थोडी कुरकुर चालेल.

तुझा,
दादा

●

गुरुवार, ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि रडले. पाणीपट्टीच्या तक्रारींची खिडकी माझी; समोरच्या काकूंना वाटलं की त्यांच्याच बिलावरून रडतेय. लगेच शांत झाल्या बिचाऱ्या.

नाना दोनदा सूप प्यायले! मी मागच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. त्या हळूबाला माझा नमस्कार सांग.

पण दादा, मालकाशी बोलताना एक ऐक. कुणी आमच्या शिपायाची तारीफ करायला येतं, तेव्हा साहेबांच्या कानावर फक्त पद्धत पडते: फाईल घरी नेली होती का, रांग मोडली का. म्हणून माणसाचं नाव सांगावं, आपलं काय भलं झालं ते सांगावं आणि उठावं. कसं केलं ते सांगू नये. तू मात्र बिजागरीचा स्क्रू कोणत्या हातानं पिळला तिथपासून सुरू करतोस. हे पत्र वेळेत पोचो.

आणि करवत मशिनची मोटर जळून महिना झाला ना? खुर्चीच्या नादात ती राहू देऊ नकोस. वहिनीला सा. न. आपला राग जेवणाआधी उतरावा, ही विनंती.

तुझी,
बारकी

●

मंगळवार, ता. १७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वेळेत पोचलं नाही.

मी मालकासमोर बसून क्रमानं सांगितलं: आधी टेबल, मग खुर्ची, नंतर सुपाचे मग, शेवटी टोपली. तो मान डोलवत होता आणि मला वाटत होतं, काय छान ऐकतोय. लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे, असं म्हणून त्यानं माझा हातही हातात घेतला.

रविवारी नाना स्वतःहून तयार झाले, शर्टाला इस्त्री केलेली. गेलो तर हळूबा दिसेना. गल्ल्यावरच्या माणसानं हळूच सांगितलं, त्याला मागे भांडी घासायला बसवलंय. नोकरांचे मग गिऱ्हाइकाला दिले, केबिनमधली खुर्ची न विचारता बाहेर काढली, मोठ्या मंडळींसाठी राखलेलं टेबल तिघांना दिलं. तिन्ही गुन्हे माझ्याच तोंडून मालकाला कळले होते.

मी तसाच केबिनमध्ये घुसलो. मालक हसून म्हणाला, की शिस्त म्हणजे शिस्त, तुम्ही कारागीर आहात, तुम्हाला पटायला हवं. बाहेर आलो तर नाना दारातूनच माघारी फिरले होते. वाटेत एकच वाक्य बोलले: माझ्या हातांपायी त्या माणसाच्या हातातलं ताट गेलं. आता खोलीचं दार दुपारीही बंद असतं. वहिनी ताट दाराबाहेर ठेवते, ते अर्धं परत येतं.

मी बिघडवलंय, मीच दुरुस्त करणार. खुर्ची चालू आहे, हातकरवतीनं. डावा हात दोनदा उतरवून पुन्हा बसवला, केसभर कमी होता. पण खुर्चीनं हळूबा बाहेर येणार नाही, एवढं मलाही कळतं. तुझ्या खिडकीवरची अक्कल या वेळी लवकर पाठव.

दादा

●

शुक्रवार, ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

ओरडणार नाही. वहिनीनं ते काम केलंच असेल.

आता ऐक. तक्रार करणारा पुन्हा येतो, तारीफ करणारा कधीच येत नाही. हे आमच्या साहेबांना माहीत आहे, तसं तुझ्या मालकालाही असणार. म्हणून आपण पुन्हा जायचं, सगळ्यांनी. परवा रविवारी नाना पंचाहत्तरचे होतात. मी मुलांना आणि यांना घेऊन उद्याच येते. हॉटेलात मी आजच फोन करून टेबल सांगितलंय आणि हेही सांगितलंय, की आम्ही हळूबाच्या हातचं जेवायला येतोय.

नानांना मी तयार करते. माझ्यापुढे त्यांचं चालत नाही, तुझं तर मुळीच नाही.

हे पत्र आजच्याच एस.टी.नं धाडतेय, रात्री मिळेल; खुर्ची तेवढी पुरी कर. आणि तिथं तू बोलू नकोस. तोंडात खिळे धरून ठेव, सवय आहेच तुला.

तुझी,
बारकी

●

बुधवार, ता. २५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. पोरं घरीसुद्धा सगळं मगातून पितायत.

निघायच्या गडबडीत एक सांगायचं राहिलं. खुर्ची टेम्पोतून उतरवायला तू बाहेर गेलास आणि पायाला लागलेली माती पुसत बसलास (मला खिडकीतून दिसत होतं, चारही पाय पुसलेस), तेवढ्यात आत जे झालं ते तुला ठाऊक नाही. तू आलास तेव्हा हळूबा वाढत होता, आणि तुला वाटलं माझ्या फोनचा प्रताप. फोनबिन काही नाही.

मालक आला आणि गोड बोलून सांगू लागला, की हळूबा मागे कामात आहे, दुसरा माणूस देतो, तोही छान वाढतो. मी खिडकीवरचा आवाज काढणार, इतक्यात नाना उठले. एकेका खुर्चीची पाठ धरत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. भरलेलं हॉटेल बघत होतं. तिथं वळून त्यांनी दोन्ही हात वर केले, चांगले थरथरत होते तसे, आणि मालकाला म्हणाले, की हे असे आहेत, सगळ्यांनी बघून घ्या म्हणजे लपवायचं काही उरणार नाही. त्या दिवशी एका माणसानं हे बघूनही न बघितल्यासारखं केलं, म्हणून मी जेवलो. तो वाढणार असेल तर बसतो, नाहीतर उभा आहे. आणि तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय, पण त्याबद्दल आज बोलत नाही.

दादा, कुणीतरी हसलं. मग पलीकडच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, की आम्हालाही हळूबाच हवा, माझं बाळ रडत होतं तेव्हा त्यानं मला जेवण संपेपर्यंत घाई केली नव्हती. मग आणखी एक आवाज आला. मालकानं घड्याळाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि स्वतःच दार ढकलून हाक मारली. हळूबा हात पुसत बाहेर आला. तेव्हासुद्धा पळाला नाही.

नाना कसे आहेत ते सविस्तर कळव. या वेळी स्क्रूपासून सुरू केलंस तरी चालेल.

तुझी,
बारकी

●

रविवार, ता. ८ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं. घड्याळाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

दार उघडं असतं. नाना आमच्यात जेवतात, सांडतं, आणि तुझी वहिनी काही न बोलता डागावर जे हाताला येईल ते ठेवते. काल तर माझा चष्मा ठेवला. हळूबा टेबलांवर परत आलाय. खुर्ची हॉटेलातच ठेवली, कोपऱ्यातल्या टेबलाशी. घरासाठी दुसरी करतोय, हिचा डावा हात पहिल्याच फटक्यात बसला.

हळूबाला काय द्यावं याचा पुष्कळ विचार केला. मग तिथं मागे जाऊन नुसतं बघितलं. दिवसभर उभी राहणारी आठ माणसं आणि टेकायला तेलाचा एक डबा. त्याच्या गुडघ्याचं माप घेऊन एक स्टूल केलं. तो बसला, उठला, पुन्हा बसला आणि म्हणाला, की याच्यावरून उठायला वेळ लागेल. मी म्हटलं, तुझं नावच ते आहे. चांगलं काम झालंय असं तोही म्हणाला नाही आणि मीही म्हणालो नाही, पण दोघांनाही कळलं.

मोटर अजून जळलेलीच आहे. विचारू नकोस.

पोरांना आशीर्वाद, तुझ्या यांना नमस्कार. पत्र धाडत जा, आणि ममता या म्हाताऱ्या होत चाललेल्या सुतारावर राहू दे.

तुझा,
दादा

ता. क. मोटरचं विचारशीलच, म्हणून लिहूनच टाकतो. काल मालक स्वतः कारखान्यात आला होता. ती खुर्ची बरीच म्हातारी माणसं मागून घेतात म्हणे. त्याला तिन्ही हॉटेलांसाठी तशाच हव्या आहेत. खुर्चीवर हात फिरवत सांगत होता, की ही असली की वेटरला टेबलापाशी घुटमळावं लागत नाही, दोन माणसं कमी होतील, सुरुवात त्या हळूबापासूनच करता येईल. मी रंध्याची धार तपासत ऐकून घेतलं, आणि तुझा सल्ला आठवून फार बोललो नाही. अठरा खुर्च्या, तीन लाख साठ हजार, निम्मे आगाऊ. नको म्हणालो.