सोजरची सवड

पिंपरी, १९७४

बाबा, तुम्हाला आणि आईला कस्तुराचा जयभीम.

मी बरी आहे. कारखान्यात पॅकिंगवर उभं राहून पाय दुखतात, पण इथं सगळ्या बायकांचेच दुखतात. आईचा खोकला थांबला का?

धाकट्या सोजरला खुरपणीसाठी शाळेतून काढली, असं तुम्ही लिहिलंत. शाळा हा रिकामटेकड्यांचा उद्योग, म्हणे. आमच्या संध्याकाळच्या वर्गातल्या बाई सांगत होत्या, ‘स्कूल’ हा शब्द फार जुन्या ग्रीक भाषेतला, आणि त्याचा मूळ अर्थ सवड. ज्यांना राबावं लागत नव्हतं, तेच शिकायचे. म्हणजे तुमचं बरोबरच आहे, बाबा. पण आपल्या घरात आजवर सवड कुणालाच मिळाली नाही. ती आता सोजरला मिळेल. तिच्या वाटची खुरपणी मी रजा घेऊन येऊन करते.

तिचं दप्तर खुंटीवरून काढून तिच्या हातात द्या.

तुमचं न ऐकणारी, तुमचीच,
कस्तुरा