शोधातून वगळलेली ड्राइव्ह

आबा, आज कुणावर तरी राग काढायचा आहे, आणि तो तुमच्यावरच आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या दुकानात शिशाच्या अक्षरांचा, खिळ्यांचा छापखाना होता. आता त्या जागी कॉम्प्युटर आहे. पत्रिका, हँडबिलं, देवगडच्या आंब्याच्या पेट्यांची लेबलं, सगळं त्याच्यावर होतं. आणि गेला आठवडाभर त्याने माझं डोकं उठवलं आहे.

मालवणात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून रोज दुपारी जेवायच्या वेळेला सगळ्या कामांची नक्कल एका वेगळ्या हार्ड ड्राइव्हवर जाते. सोय चांगली. पण मेला कॉम्प्युटर काहीही शोधताना त्या ड्राइव्हमध्येही शिरतो. गिऱ्हाइकाचं आडनाव टाकावं तर तीच पत्रिका दोनदा समोर येते, एक आजची, एक कालची, नाव दोघींचं एकच. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तोंडवलीच्या एका घरची पत्रिका होती. थोरल्या नातीच्या लग्नाची जुनी पत्रिका उघडून त्यात धाकटीचं नाव घातलं, तारीख बदलली. त्यांचे आजोबा गेल्या वर्षी वारले, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं नाव निमंत्रकांतून काढलं आणि 'कै.' लावून वर घेतलं. त्या दिवशीची नक्कल जायच्या आधीच छापायला म्हणून शोधली आणि उघडली नेमकी ड्राइव्हवरची, आदल्या दिवशीची. आजोबा जिवंत, हात जोडून सगळ्यांना बोलावताहेत. गठ्ठा गेला. पहिली पत्रिका नारळासोबत ग्रामदेवतेपुढे ठेवूनही झाली, तोवर कुणी वाचली नाही.

मग मुलीचा बाप आला. "गो बाय, माझो बापूस जावन वरीस झाला, आणि तोच आमंत्रण करता? देवाक काय सांगू?" सगळ्या पत्रिका फुकट नव्याने छापून देते म्हटलं. त्याची म्हातारी आई पायरीवर बसून होती. गठ्ठा परत घेताना तिने माझा हात धरला. "एक माका ठेव गो. ह्येच्यात ते आसत." तिने ती पत्रिका दुमडून पोलक्यात घातली. तिच्या मुलाने तोंड फिरवलं.

सावंतवाडीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, तर म्हणे, ती ड्राइव्ह शोधातून वगळा. वगळा म्हणायला त्याचं काय जातं. त्या ड्राइव्हपुढची खूण काढली तरी जुन्या पत्रिका येतच राहिल्या. पुन्हा फोन. शोधाची आतली यादी नव्याने बनू दे, थांबा. थांबले. गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि मी पडद्याकडे बघत बोटं मोडतेय.

तेव्हा तुम्ही आठवलात. काम छापून झालं की खिळ्यांची जुळणी लगेच मोडायची, हा तुमचा नेम. मी शाळेत असताना माझं नाव खिळ्यांनी जुळवून, दोऱ्याने बांधून खिडकीत ठेवलं होतं. तुम्ही येता, दोरा सोडता, एकेक अक्षर त्याच्या त्याच्या खणात टाकता. "अक्षरां ठेवूक नसतत. अडकान ठेवलंस तर उद्याचा काय जुळवतलंस?" मी रडले, तरी तुम्ही ढिम्म. पण खरं सांगते, त्या छापखान्यात जुनी पत्रिका चुकून कधी छापली गेली नाही. छापायला जुनी शिल्लकच नसायची.

ड्राइव्ह एकदाची वगळली गेली. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी शोधात तुमचं नाव टाकलं होतं. एकच पत्रिका आली, माझ्या लग्नाची, कॉम्प्युटरवर एक आणि ड्राइव्हवर एक. दोन्हीकडे तुमच्या नावामागे 'कै.' होतं, मीच लावलेलं. ज्यात तुम्ही जिवंत आहात असं एकही अक्षर तुम्ही मागे ठेवलं नाहीत, आबा. सगळं मोडून खणात टाकून गेलात.

हे पत्र कुठे पाठवणार? कुठेच नाही. पण म्हातारी पोलक्यात पत्रिका घालत होती ना, तेव्हा मला माझ्या चुकीची लाज वाटली नाही. मला तिचा हेवा वाटला.