गाडीचं औषध

बाबा, परवा मी गाडीच्या तेलात भेसळ केली. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "एवढं शिकवून हेच का फळ मिळालं?"

भेसळ हा शब्द मी आपल्या स्वयंपाकघरात शिकले. मार्केट यार्डात गोडेतेलाच्या गाळ्यावर तुमची उभी हयात गेली. तळहातावर थेंब घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, नाकाशी न्यायचा, आणि शेंगदाण्यात सरकी मिसळल्याचा संशय आला की डबा आल्या पावली परत. एका दिवाळीत आईच्या चकल्या तळून झाल्या आणि मी, मदतीची हौस दांडगी, कढईत उरलेलं तेल कोऱ्या तेलाच्या बरणीत ओतून मोकळी झाले. तुम्ही ओरडला नाहीत. बरणी उजेडाकडे धरलीत, वास घेतलात आणि म्हणालात, "झाली भेसळ." आई म्हणाली, "अहो, आपलंच तर तेल आहे." तर तुम्ही म्हणालात, "आपलं असलं म्हणून काय झालं? चांगल्या तेलात तेलसुद्धा मिसळायचं नाही." ते सगळं तेल देवापुढच्या समईत गेलं. मी फुरंगटून चकलीला हात लावला नाही, तेव्हा संध्याकाळी तुम्हीच एक मोडून अर्धी माझ्या तोंडात कोंबलीत.

पुढे मी हिंजवडीला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागले आणि तुमच्यासाठी एक जुनी गाडी घेतली. तुम्ही तोवर निवृत्त झाला होतात. जन्मभर स्कूटरवर काढलेला माणूस, पण गाडी शिकलात आणि तिच्या प्रेमातच पडलात. दर रविवारी आईला शेजारी बसवून खडकवासल्याला जायचं, पाण्याकडे बघत कणीस खायचं आणि परत यायचं. मग कंपनीनं मला परदेशी पाठवलं. पहिल्या सुट्टीत आले तर गाडी सुरू केली की टकटक, टकटक. मेकॅनिक म्हणाला, इंजिनातल्या टॅपेटचा आवाज आहे, गाडीचं वय झालं, चालायचंच. पण मला कुठला दम. पेट्रोल पंपावर टाय लावलेला एक विक्रेता उभा होता. इंजिनच्या तेलात त्याच्या बाटलीतलं औषध घातलं की आवाज बंद, असं त्याचं म्हणणं. मी बाटली घेऊन आले आणि तुमच्यासमोर ठेवली.

तुम्ही ती उलटीसुलटी करून पाहिलीत. "हा काय इंजिनाचा च्यवनप्राश?"

"बाबा, मस्करी नको. सगळे घालतात."

"तेलात काही घालणं म्हणजे भेसळ. मग ते शेंगदाण्याचं असो नाहीतर गाडीचं."

मी हट्टाला पेटले. म्हटलं, अहो, गाडीच्या तेलात अशी द्रव्यं कंपनीच मिसळते, त्याशिवाय ते तेल चालतच नाही. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कंपनीनं घातलंय ना? मग आता तू कोण त्यात घालणारी?" बाटली कपाटावर गेली आणि मी विमानात बसले.

आणि एका रविवारी फोनवर तुमचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा. "घातलं बरं का तुझं औषध. आवाज गेला. अगदी गेला." बाबा, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. तेलाच्या बाबतीत तुम्ही कुणाच्या बापाला ऐकला नसतात, आणि माझं ऐकलंत. आईनं नंतर सांगितलं, की तुम्ही बाटलीवरची धूळ रोज पुसायचात, आणि एक दिवस म्हणालात, "पोरीनं आणलंय. घालून टाकतो." पुढे तर आख्ख्या सोसायटीला त्या औषधाची शिफारस करत सुटलात.

पुढच्या सुट्टीत आले. तुम्ही मला कौतुकानं गाडीत बसवताय, किल्ली फिरवताय, आणि गाडी टकटक करतेय, होती तश्शी. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघताय. "आहे का आवाज?" मी 'नाही' म्हणून मान हलवते. आपण तिघं खडकवासल्याच्या रस्त्याला लागतो. मागून ट्रक हॉर्न देतोय, देतोय, देतच राहतो, आणि तुम्ही मधोमध निवांत. शेवटी तो इतक्या जवळून गेला की आईनं माझा हात धरला. घरी आल्यावर स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "गाडीला काही झालेलं नाही गं. त्यांनाच ऐकू येत नाही. पण सांगू नकोस. रविवार गेला तर त्यांचं काय राहील?"

मी काही गप्प बसणारी नव्हे. आणि बाबा, मला भीती वाटत होती, तुम्हा दोघांचीही. जेवताना सांगून टाकलं, "बाबा, गाडीचा आवाज गेलेला नाही. तुमचे कान गेलेत." ताटातला भात तसाच ठेवून उठलात. तुम्ही भात टाकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि आपण हे जरा गोडीनं सांगायला हवं होतं, असं वाटून मला रडू आलं. सकाळी उठून बघते तर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "कुठे दाखवायचेत कान?"

कानाला मशीन लागलं. दवाखान्यातून आलो तसे तुम्ही थेट गाडीपाशी गेलात. किल्ली फिरवलीत. टकटक, टकटक. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिलात, बराच वेळ. तुमच्या तोंडावरचं हसू गेलेलं मला दिसलं. मग माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "औषध उतरलेलं दिसतंय. पुढच्या वेळी येताना आणखी एक बाटली आण."

तेव्हापासून प्रत्येक सुट्टीला मी बाटली आणत गेले, आणि तुम्ही ती घालत गेलात. तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही. गाडी सुरू करताना मशीन काढून खिशात ठेवायचं, "गेला बघ आवाज" म्हणायचं, आणि रस्त्याला लागायच्या आधी मशीन परत कानात. आई खिडकीकडे तोंड करून हसायची. तुम्ही जाईपर्यंत रविवार काही चुकला नाही.

मी पुण्याला परत आले त्याला आता खूप वर्षं झाली. माझी गाडीही म्हातारी झालीये, टकटक करते. सर्व्हिसिंगला दिली की तिथला माणूस दर वेळी विचारतो, "मॅडम, ऑइलमध्ये ट्रीटमेंट टाकू का? आवाज कमी होतो." मी दर वेळी त्याला सुनावते, कंपनीनं घातलंय ना, मग तुम्ही कोण घालणारे? बिचारा आता मी दिसले की चहाला जातो. परवा मात्र तुमची फार आठवण येत होती. त्यानं विचारायच्या आधीच म्हटलं, टाका.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून ठेवते. बाबा, गाडीचा आवाज खरंच गेला. घरी येताना पूर्ण रस्ताभर ऐकत होते, टकटक नाही. केव्हा एकदा लेकीला सांगते असं झालं. ती ऑफिसातून आली, आणि मी बोलायच्या आधी तिनं माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि टीव्हीचा आवाज निम्मा केला. मी तिला काही सांगितलं नाही. कान दाखवायला अजून गेलेले नाही.