ग्रहणातली विळी

भांडुप, मंगळवार, संध्याकाळ

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळाच्या पाठीचा कणा खाली जुळलाच नाहीये. पुढे जायचं की नाही, ते शुक्रवारपर्यंत ठरवायचंय.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात विळीवर बसू नको सांगितलेलं ना तुला!"

बसले होते. दुधी चिरला होता. पण ग्रहण लागलं चौथ्या महिन्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, कणा जुळतो तो अगदी सुरुवातीला, दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. मग विळीचा काय संबंध? सासूबाईंनी ऐकलं, उठल्या आणि विळी माळ्यावर टाकून आल्या.

खरं सांगू? विळीचाच दोष असता तर बरं झालं असतं. फेकून तरी दिली असती.

आणि आत्ता, आजच, बाळ पहिल्यांदा हललं.