वजन दोनदा न चढवणारा ड्रायव्हर

प्रिय दिलीपदादा,

आजच कायले लिहून राह्यलो? सोमवारपासून आपल्या नेरच्या बाजारात कापसाचा काटा सुरू होतो, आन् त्या काट्याच्या प्रोग्राममधी नवा ड्रायव्हर मी घातला! नववीत शाळा सोडलेल्या तुझ्या भावानं! हे तुले नाही सांगावं तर कोणाले?

हसू नको. गाडीचा ड्रायव्हर नाही हा. जावा या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्राम आणि माहिती साठवणारा डेटाबेस, यांच्या मधात बोलणी करणारा. इकडे बंगळुरूत मी तेच तपासायचं काम करतो.

मागच्या हंगामात या दोघांमधली लाईन तुटली की जुना ड्रायव्हर हात वर करायचा. वजन लिहिलं गेलं की नाही, कोणालेच ठाऊक नाही. काट्यावरचा माणूस पुन्हा बटण दाबायचा, आन् एकच गाठोडं दोनदा चढायचं!

ती तक्रार वाचली आणि तू आठवला. तू मापारी होता तेव्हा वजन मोठ्यानं सांगायचा. वहीत लिहिणारा मुनशी तेच परत बोलल्याशिवाय तू गाठोडं उचलू देत नव्हता. मी हात लावला की ओरडायचा, "अबे, तो बोलला का? मंग घाई काहून?" सगळ्यांसमोर कायले झापत होता रे? लय राग यायचा.

नव्या ड्रायव्हरात तेच आहे. लाईन तुटली की तो स्वतः दुसरी धरतो. आधी डेटाबेसले विचारतो, मघाचं लिहिलं का? नसेल तरच पुन्हा पाठवतो. काही लाईनी उघडून तयारच ठेवतो, म्हणून गर्दीतही काम अडत नाही. मी मुद्दाम वायर काढून काढून पाहिलं. एकही वजन दोनदा चढलं नाही!

आमच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "हंगाम संपल्यावर बदलू. बिघडलं तर उत्तर कोण देणार?"

"मी देतो."

"तू? तू तर कुठंच टिकत नाहीस! मग सोमवारी काट्याजवळ तूच उभा राहा."

ड्रायव्हरची भीती नाही, दादा. पण तू गेल्यापासून मी त्या बाजारात पाय ठेवला नाही. घरी आलो तरी मागच्या रस्त्यानं जातो. एवढ्या लवकर जायचं होतं का तुले?

तरी येतो. तिकीट काढलं. पहिलं वजन चढेल तेव्हा तुझ्या जागेवर मी उभा असन. शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत तिथून निघणार नाही.

तुझा,
लहाना