बीजभाषणातली आई

१७ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तू मजेत असशील. नसलास तरी फोटोत मजेतच दिसतोस, त्यामुळे विचारत नाही. इथे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत असते, ती पाळून टाकते. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. खालचा शिंपी दुकान हलवतोय, त्यामुळे दिवसभर ठोकाठोक चालू असते. थंडी पडली तशी माझ्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. आई जेवते, गोळ्या घेते, आणि चालताना दम लागला की कॅलेंडर बघायला थांबल्यासारखं करते. महिनाभर तेच कॅलेंडर, काय एवढं बघायचं त्यात! डॉक्टरांपुढे ते सोंग चालत नाही. हृदयाची झडप बदलायलाच हवी, उगाच लांबवू नका, असं ते मागच्या खेपेलाही म्हणाले. त्यावर आईचं उत्तर तुला पाठ असेल. "धाकटा येऊ दे, मग बघू."

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू "हं" म्हणतोस. मी बोलले की "हं". मग जरा थांबून, मऊ आवाजात, "ताई, तुला खूप राग आलाय असं मला ऐकू येतंय." अरे, ऐकू येतंय तर ऐक ना! मेल केला तर तुझी सेक्रेटरी उत्तर देते आणि तीही तुझ्यासारखीच गोड. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

तुमच्या मानसोपचारांच्या परिषदेत मी कुठून उगवले, असं तुझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं होतं, म्हणून आधी ते सांगते. तुझ्यावर पाळत ठेवायला आले नव्हते. आमच्यातल्या एका दुभाषिणीचा घसा बसला आणि एजन्सीने आदल्या दिवशी मला विचारलं. पत्रिकेत तुझं नाव बघून मी हो म्हटलं. खरं तर नाही म्हणायला हवं होतं, घरच्या माणसाचं भाषण आम्ही घेत नाही. पण म्हटलं, बघू तरी, चार देशांतली माणसं ज्याच्यासाठी येतात तो आपला धाकटा बोलतो कसा. आणि मग संध्याकाळच्या गाडीने त्याला बरोबरच घरी न्यावं. आई दार उघडेल आणि दारात आम्ही दोघं. तुझी खोलीसुद्धा आवरून ठेवली होती. आता लिहिताना माझंच मला हसू येतंय.

सभागृहाच्या मागच्या भिंतीला आमची काचेची खोली. दोघींनी बसायचं, आलटून पालटून बोलायचं. स्टेजवरून त्या काचेत नुसते दिवे दिसतात, आम्ही दिसत नाही. सकाळी तुमच्यातले एक बडे गृहस्थ "ऐकण्याची कला" यावर बोलले. अध्यक्षांनी घंटी वाजवली, चिठ्ठी पाठवली, शेवटी बिचारे स्वतः उठून उभे राहिले, पण यांना काही ऐकू जाईना. माझी जोडीदारीण माइक बंद करून टेबलावर डोकं ठेवून हसत होती. त्यांच्यानंतर काठी टेकत एक वयस्कर बाई आल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं मी लोकांसमोर बसले. त्यातल्या किती जणांना माझा उपयोग झाला ते मला सांगता येणार नाही. ज्यांना सांगता येतं त्यांच्यापासून जरा जपून राहा." वेळेआधीच संपवून खाली बसल्या. टाळ्या बेताच्याच पडल्या. मग तू आलास.

बाकी सगळ्यांनी भाषण आधी पाठवलं होतं. तुझ्या ऑफिसने कळवलं, सर मनातून बोलतात. त्यामुळे मला काहीच कल्पना नव्हती.

आमच्या कामात एक नियम आहे. वक्ता "मी" म्हणाला की दुभाष्यानेही "मी"च म्हणायचं. "ते असं सांगत आहेत" वगैरे म्हणायचं नाही. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. तेव्हा तू जे म्हणालास तेच मी म्हणाले, आपल्या भाषेत, कानाला यंत्रं लावून बसलेल्या माणसांच्या कानात: "माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मी सगळं काम बाजूला ठेवलं आणि तिच्या उशाशी जाऊन बसलो." शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. शेवटच्या आजारात? त्या दिवशी सकाळीच तिने मला फोन करून विचारलं होतं की धाकट्याच्या खोलीत जाड पांघरूण काढून ठेवू की पातळ!

पण तू थांबत नव्हतास, म्हणून मलाही थांबता येईना. तू म्हणालास, उपचार म्हणजे दुसरं काही नाही, नुसतं सोबत असणं, हे मी आईपाशी बसून शिकलो. महिनोन्‌महिने बसलो. आणि मग म्हणालास, "माझी बहीण व्यवहारी. तिने गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या. पण आईच्या डोळ्यांत बघणं तिला झेपलं नाही. ती खोलीतून पळून जायची." माझ्या जोडीदारणीला आपलं नातं ठाऊक आहे. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला, मी घेते पुढचं, अशी खूण केली. मी मान हलवली. माझी बहीण पळून जायची, हे मी माझ्या तोंडाने शांतपणे, विरामचिन्हांसकट सांगितलं. आणि आईच्या त्या मागच्या मोठ्या दुखण्यात पळत होतेच रे मी! भांडं रिकामं करायला, चादर धुवायला टाकायला, ऑक्सिजनवाल्याला फोन करायला. तू तेव्हा बाल्कनीत होतास. दुपारी आला होतास, दुसऱ्या दिवशी जेवून निघालास, आणि मधला सगळा वेळ बाल्कनीत कानाला फोन लावून कोणाला तरी "हं" म्हणत होतास.

तुझ्या सगळ्या भाषणात एकच वाक्य खरं होतं आणि तेच तू सगळ्यात जास्त वाकवलंस. तुझ्या म्हणण्याप्रमाणे शेवटच्या पहाटे आईने तुझा हात धरला आणि म्हणाली, "आता जा. तुझे पेशंट वाट बघत असतील." मग तिने डोळे मिटले. सभागृह उभं राहिलं. पुढच्या रांगेतली एक बाई तर हुंदके देत होती. आई म्हणाली होती तसं, तू निघालास तेव्हा खरंच म्हणाली होती. खाली टॅक्सी आली होती, तुझ्या हातात बॅग होती, आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "जा बाबा, तुझे पेशंट वाट बघत असतील." लोकांच्या मनातलं ओळखण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही म्हणे. आपल्या आईच्या वाक्यातला डंख तुला कळू नये?

पुढचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण आता सुरुवात केलीच आहे. मी खाली आले तेव्हा तू चहाच्या टेबलाशी घोळक्यात होतास. मला बघून तू कप टेबलावर ठेवलास. मला वाटलं, माझा भाऊ आता मला बाजूला नेईल, निदान कोपऱ्यात उभं राहून काही तरी बोलेल. संयोजकांनी विचारलं, "यांची ओळख?" आणि तू म्हणालास, "जुनी ओळख आहे. आमच्या शेजारी राहायच्या." शेजारी! एका पांघरुणात झोपलो आपण, धाकट्या. तुझं नाक मी पुसलंय, शाळेत तुझ्या वाटची छडी मी खाल्लीय. आणि ते संयोजक माझा हात हातात घेऊन म्हणतात, "बाई, तुमच्या आवाजाने मला रडवलं."

मग बाहेर पायऱ्यांवर मला गाठून तू जे सांगितलंस तेही लक्षात आहे. तुमच्या क्षेत्रात तपशील बदलून सांगायची रीत आहे, माणसाची ओळख लपवायला. ठाऊक आहे मला. असली भाषणं बोलण्यात माझी हयात गेली. बाईचा पुरुष करतात, शिक्षकाचा सुतार करतात. जिवंत माणसाला मारून टाकतात हे मात्र मी पहिल्यांदा ऐकलं. "आईला सांगू नकोस," म्हणालास. "उद्या संपलं की येतो, शप्पथ." मी तुझ्यासाठी तिथे थांबले, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या सेक्रेटरीचा निरोप आला की सरांचं विमान अलीकडचं मिळालं.

मी घरी पोचले तेव्हा आई दारात उभी होती. माझ्यामागे जिन्यात बघत म्हणाली, "एकटीच?" मी म्हटलं, त्याला तातडीचा पेशंट आला. कसा बोलला, म्हणाली. छान बोलला, लोक उभे राहिले. तिचा चेहरा असा फुलला की मला तुझा गळा आवळावासा वाटला. तुझ्यासाठी खोटं बोलायची ही माझी शेवटची वेळ.

पण त्या खोट्याचं काही चाललं नाही. तुझ्या सेक्रेटरीने भाषणाची लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली, नेहमीप्रमाणे, आणि आई त्या यादीत आहे. लिंकखाली भाषा निवडायची सोय होती. परवा मी भाजी घेऊन आले तर आतून माझाच आवाज येत होता. क्षणभर मला कळेचना कोण बोलतंय. आई खुर्चीत बसली होती, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, आणि मी तिला सांगत होते की त्या पहाटे आईने माझा हात धरला. मी धावले बंद करायला. तिने हात वर केला, राहू दे. टाळ्या संपेपर्यंत तिने ते सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुझा आवाज छान येतो गं त्यात. घरी अशी सावकाश बोलत जा."

मी रडायला लागले. म्हटलं, "आई, अगं त्यांच्यात असं बदलून सांगतात, ते खरं नसतं." बघ, तुझंच वकीलपत्र घेतलं मी!

"रडला का तो बोलताना?" तिने विचारलं.

"हो."

"बरं," म्हणाली. उठली, कॅलेंडरपाशी न थांबता स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं. तिथूनच म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर. जी पहिली तारीख असेल ती घे. आता कोणासाठी थांबायचं नाही." मग थोड्या वेळाने, कपात चहा गाळताना, "आणि त्याला कळवू नकोस. यायचा धावत, आणि दवाखान्यात कोणी ओळखलं तर त्याची पंचाईत व्हायची. एवढ्या लोकांना सांगून बसलाय तो."

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. दिवसभर माणसांच्या आवाजाचे चढउतार पकडायचे हेच माझं काम, मला चुकायचं नाही. टोमणा नव्हता. असता तर मला किती बरं वाटलं असतं. तिला खरोखर तुझी काळजी वाटत होती.

तारीख मिळाली आहे. ती मी इथे लिहिणार नाही, दवाखानाही नाही. सेक्रेटरीने विचारलं तरी माझ्याकडून कळणार नाही. तुला हवं असेल तर आईला विचार. घरचा फोन तीच उचलते. खुर्चीतून उठून पोचायला तिला आता वेळ लागतो, तेव्हा बराच वेळ वाजू दे. लगेच ठेवू नकोस.

ताई